वाचकांचे प्रश्न : धावपट्टी एका वेळी एकाचीच

मागील अंकात आम्ही मुंबई विमानतळावरील वाढत्या गर्दीविषयी एक टिपण प्रसिद्ध केले होते. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच शंकेकडे आहे : इतकी विमाने एकाच धावपट्टीवर चढतात आणि उतरतात, तर ती एकमेकांवर आदळत नाहीत ती कोणाच्या भरवशावर? निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात नागपूरहून मुंबईला येताना आमचे विमान घाटकोपरच्या इमारतींवरून अगदी खाली आले आणि अचानक इंजिनांचा आवाज वाढून पुन्हा वर गेले. ‘धावपट्टी मोकळी नव्हती’ एवढेच वैमानिकाने सांगितले. आम्ही थोडक्यात वाचलो असे समजायचे का? — एक वाचिका, डोंबिवली

नाही, तसे समजू नये. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. वारा अचानक फिरला, विमानाचा वेग किंवा उंची हवी तशी जमली नाही किंवा समोरची धावपट्टी मोकळी झाली नाही, तर उतरण्याचा बेत सोडून वर जायचे, नेमून दिलेल्या मार्गाने वळसा घ्यायचा आणि पुन्हा रांगेत यायचे, हा प्रत्येक वैमानिकाच्या नेहमीच्या सरावाचा भाग असतो. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि विमानतळाच्या टॉवरमधून विमानांना आज्ञा देणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकाने तशी आज्ञा दिली, तर कारण विचारत बसायचे नसते. प्रवाशाच्या पोटात गोळा येतो हे खरे, पण विमानाच्या दृष्टीने ते एक साधे आरोहण असते.

यामागचा नियम एका ओळीचा आहे : धावपट्टी एका वेळी एकाचीच. पुढचे विमान उतरून धावपट्टीबाहेर पडेपर्यंत किंवा उड्डाण करून धावपट्टीच्या टोकापलीकडे जाईपर्यंत अथवा वळण घेईपर्यंत मागच्या विमानाने धावपट्टीच्या उंबरठ्यावर येऊ नये, अशी अपेक्षा आहे. चांगल्या दृश्यमानतेत, दिवसाउजेडी आणि ठरावीक अटींवर हे अंतर कमी करण्याची मुभा आंतरराष्ट्रीय नियमांत आहे. पण मुभा घेतली तरी हिशेब सेकंदांचाच राहतो. २०२४ च्या सुरुवातीला सरकारने मुंबईतील उड्डाणांची संख्या कमी करण्यास सांगितले, तेव्हा गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानांची ये-जा होत होती आणि ती ४४ वर आणण्यात आली. तासाला ४६ म्हणजे सरासरी ७८ सेकंदांना एक विमान. ए-३२० सारखे प्रवासी विमान उतरताना ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने येते, म्हणजे तीन सागरी मैलांचे (सुमारे साडेपाच किलोमीटर) अंतर ते सुमारे ऐंशी सेकंदांत कापते. तेवढ्या वेळात पुढच्या विमानाने जमिनीवर टेकून, वेग कमी करून, तिरक्या टॅक्सीवेने, म्हणजे धावपट्टीला जोडलेल्या रस्त्याने, बाहेर पडायचे असते. ओल्या धावपट्टीवर त्याचा हा रस्ता हुकला आणि त्याला पुढच्या वळणापर्यंत जावे लागले, की मागच्या विमानाला वर पाठवण्यावाचून गत्यंतर नसते. तुमच्या बाबतीत बहुधा असेच काही घडले असावे. तुमच्या वैमानिकाने घासाघीस न करता विमान वर नेले, ही समाधानाची बाब आहे. घाबरायचे असेल तर ज्याने जाऊ नये त्या वेळी पुढे रेटले, त्याला घाबरावे.

प्रश्न : मुंबईत एक विमान धावपट्टीवरून उडत असतानाच त्याच्या पाठीमागे दुसरे उतरत असल्याची चित्रफीत आम्ही पाहिली. नियंत्रकाला कामावरून दूर केल्याचे वाचले. दोष त्याचाच ना? — दोन वाचक, ठाणे आणि नाशिक

ही घटना ८ जून २०२४ ची. तिरुवनंतपुरमला निघालेले एअर इंडियाचे विमान मुख्य धावपट्टीवर उड्डाणासाठी धावत होते आणि त्याच धावपट्टीवर इंदूरहून आलेले इंडिगोचे विमान टेकले. पहिल्याने जमीन सोडली तेव्हा दुसरे त्याच्यामागे धावपट्टीवर होते. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या वैमानिकांना टॉवरची परवानगी होती असे जाहीर केले, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आले.

चौकशी चालू असताना संबंधिताला बाजूला ठेवणे ही प्रचलित पद्धत आहे आणि तिच्यात गैर काही नाही. मात्र वर्तमानपत्रांतून ती शिक्षेसारखी वाचली जाते आणि ‘दोषी सापडला’ या समाधानात खरे प्रश्न बाजूला पडतात. त्या तासात धावपट्टीवर किती विमाने घेण्याचे ठरले होते? उडणाऱ्या विमानाने परवानगी मिळाल्यानंतर धावायला सुरुवात करण्यास किती वेळ घेतला? उतरणाऱ्या वैमानिकाला समोरचे विमान दिसत होते, तर त्याला ‘गो-अराउंड’ करावेसे का वाटले नाही? नियंत्रक एकटा चुकून चालत नाही. त्याची चूक धावपट्टीपर्यंत पोहोचायला आणखी दोन-तीन जणांनी ती अडवायची राहून जावी लागते. म्हणून ‘दोष त्याचाच ना’ या तुमच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की त्याचाही असू शकेल, पण तेवढ्यावर चौकशी थांबली तर ती अर्धवट राहील.

प्रश्न : मुंबईला दोन धावपट्ट्या असताना एकच का वापरतात? — एक वाचक, बोरिवली

कारण त्या एकमेकींना छेदतात. धावपट्टीचे नाव तिच्या चुंबकीय दिशेवरून पडते : ९० अंशांची ०९ आणि तिचे उलटे टोक २७०, म्हणून २७. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७ आणि दुसरी १४/३२. दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडली, तर छेदाच्या जागी गाठ पडण्याचा धोका. म्हणून कामकाज बहुतांशी मुख्य धावपट्टीवर चालते आणि ती बंद असली की दुसरीवर. एवढ्या सोयीवर या विमानतळाने चोवीस तासांत हजारांहून अधिक विमानांची ये-जा करून दाखवली आहे, ही कर्तबगारी आहे आणि चिंतेची बाबही. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या सुमारे सहा तास बंद ठेवतात. टायरांचे साचलेले रबर खरवडणे हे त्यातले एक महत्त्वाचे काम, कारण त्या थरावर पाणी पडले की पकड सुटते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले स्पाइसजेटचे विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पलीकडे रुतले, तेव्हा ती तीन दिवसांहून अधिक काळ बंद राहिली आणि देशभरची वेळापत्रके कोलमडली.

पुरेशा अंतरावरच्या समांतर धावपट्ट्या असतील तर एकीवर उतरणे आणि दुसरीवरून उडणे एकाच वेळी चालू शकते. २०२५ अखेरीस सुरू झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या आराखड्यात तशा दोन धावपट्ट्या आहेत. जाता जाता एक जुनी गोष्ट : २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ सांताक्रूझऐवजी जवळच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले. धावपट्टी अर्थातच पुरली नाही. सुदैवाने कोणी दगावले नाही.

प्रश्न : वैमानिक आणि नियंत्रक ठरावीक इंग्रजी वाक्येच बोलतात आणि ऐकलेले पुन्हा म्हणून दाखवतात, असे तुमच्या टिपणात होते. इतक्या शिकल्यासवरलेल्या माणसांना ही पोपटपंची कशासाठी? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

तुमचा प्रश्न या सर्व पत्रांत आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

२७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील लास पाल्मास विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे अनेक विमाने शेजारच्या तेनेरीफ बेटावरील लोस रोदेओस या लहान विमानतळाकडे वळवण्यात आली. तेथे टॅक्सीवे उभ्या विमानांनी अडला होता, त्यामुळे उड्डाणासाठी जाणाऱ्या विमानांना धावपट्टीवरूनच उलट चालत जावे लागत होते. त्यात धुके उतरले. केएलएम या डच कंपनीचे बोइंग ७४७ विमान धावपट्टीच्या टोकाला वळून उभे होते आणि पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे ७४७ त्याच धावपट्टीवर त्याच्या दिशेने येत होते. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे ते सांगितले. त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला. सहवैमानिकाने ते परत म्हणून दाखवताना शेवटी ‘आम्ही आता टेक-ऑफवर आहोत’ अशा अर्थाचे शब्द जोडले. नियंत्रकाला ते ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असे वाटले असावे. प्रत्यक्षात विमान धावू लागले होते. नियंत्रक ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभर थांबून ‘थांबा, मी सांगेन’ असे बोलला. नेमके त्याच वेळी पॅन ॲमचा वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे सांगत होता. एका वेळी दोघे बोलले की रेडिओवर शिट्टीसारखा आवाज येतो, शब्द ऐकू येत नाहीत. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्पष्ट पोहोचले ते फक्त ‘ओके’. फ्लाइट इंजिनिअरने ‘ते पॅन ॲम बाजूला झाले नाही का?’ असे विचारलेही होते. कप्तानाने विमान थांबवले नाही. त्या टकरीत ५८३ माणसे मेली. विमानचालनाच्या इतिहासात दोन विमानांच्या टकरीत इतके बळी दुसऱ्या कोणत्याही अपघातात गेलेले नाहीत.

तेव्हापासून नियम असा, की ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा. इतर सर्व वेळी ‘डिपार्चर’ म्हणायचे. नुसते ‘ओके’ म्हणून भागवण्याला सुरक्षिततेच्या संभाषणात थारा उरलेला नाही. धावपट्टीत शिरणे, ती ओलांडणे, तिच्या आधी थांबणे, तिच्यावर जाऊन उभे राहणे, उतरणे, उडणे यांपैकी कोणतीही आज्ञा असेल, तर वैमानिकाने धावपट्टीच्या क्रमांकासह ती जशीच्या तशी परत म्हणायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन ऐकायची. परत म्हणण्याला ‘रीडबॅक’ म्हणतात. ऐकणे हे त्याचे उरलेले अर्धे अंग, आणि गर्दीच्या तासात पहिल्यांदा सैल पडते ते हेच अंग.

पण रीडबॅकने चुकीचे ऐकलेले पकडता येते, चुकीचे समजलेले पकडता येईलच असे नाही. २ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तटरक्षक दलाचे एक लहान विमान आदल्या दिवशीच्या नोतो द्वीपकल्पातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाले होते. नियंत्रकाने त्याला ‘नंबर वन’, म्हणजे उड्डाणाच्या क्रमात पहिला, असे सांगून धावपट्टीबाहेरच्या थांब्यापर्यंत येण्यास सांगितले. वैमानिकाने ते बरोबर परत म्हटले आणि तरीही, धावपट्टीत शिरण्याची परवानगी मिळाली असे समजून तो आत गेला. सुमारे चाळीस सेकंद ते विमान धावपट्टीवर उभे होते. नियंत्रकाच्या पडद्यावर इशारा उमटला होता, पण तो कोणाच्या ध्यानात आला नाही. उतरणाऱ्या जपान एअरलाइन्सच्या ए-३५० च्या वैमानिकांना अंधारात ते दिसले नाही. टक्कर होऊन दोन्ही विमाने पेटली. तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण गेले. मोठ्या विमानातील सर्व ३७९ जण मात्र जळत्या विमानातून बाहेर पडले. त्यांनी बॅगा आतच सोडल्या, हे येथे नमूद करावेसे वाटते, कारण आपल्याकडे विमान थांबायच्या आत डोक्यावरचे कप्पे उघडले जातात. अपघातानंतर जपानने ‘नंबर वन’ सारखा क्रम सांगण्याची पद्धत काही काळ बंद केली आणि धावपट्टीच्या पडद्यावर सतत लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला.

प्रश्न : हे सर्व शब्दांवर आणि कानांवर का सोडायचे? यंत्रे नाहीत का? — एक अभियंता, पिंपरी

आहेत, आणि चांगली आहेत. मोठ्या विमानतळांवर जमिनीवरची विमाने आणि वाहने दाखवणारे रडार असते. टॅक्सीवे धावपट्टीला मिळतो तेथे जमिनीवर पिवळ्या रंगात दोन अखंड आणि दोन तुटक रेषा असतात. अखंड रेषांच्या बाजूने येणाऱ्याने परवानगीशिवाय पुढे जायचे नाही. बाजूला लाल फलकावर पांढऱ्या आकड्यांत धावपट्टीचे नाव असते. त्याच जागी जमिनीत बसवलेल्या लाल दिव्यांची आडवी ओळ, म्हणजे ‘स्टॉप बार’, असली तर ती जळत असताना कोणीही, टॉवरने तोंडी परवानगी दिली तरीही, ओलांडायची नसते. दिवे विझणे आणि तोंडी परवानगी, दोन्ही हवीत.

अडचण यंत्र नसण्याची कमी आणि ते चालू नसण्याची जास्त असते. हानेदाला त्या वेळी स्टॉप बारचे दिवे देखभालीसाठी बंद होते. ८ ऑक्टोबर २००१ रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटे जेट चुकीच्या टॅक्सीवेने थेट धावपट्टीवर आले आणि उड्डाण करणाऱ्या एसएएस या विमान कंपनीच्या विमानाशी त्याची टक्कर झाली; ११८ जण मेले. जमिनीवरचे रडार तेथे चालू नव्हते. छोट्या जेटच्या वैमानिकाने आपली जागा सांगताना जमिनीवर रंगवलेले ‘एस-४’ हे चिन्ह सांगितले होते. नियंत्रकाला त्या नावाची जागा ठाऊकच नव्हती. नकाशावर नसलेले चिन्ह जमिनीवर राहू देणे ही कोण्या एका नियंत्रकाची चूक नव्हे.

अगदी साध्या साधनांनाही कमी लेखू नये. लॉस एंजेलिसला १ फेब्रुवारी १९९१ च्या संध्याकाळी एका महिला नियंत्रकाने एक लहान विमान धावपट्टीच्या मधल्या छेदाजवळ उभे केले, इतर कामांच्या गडबडीत ते तिच्या ध्यानातून गेले आणि त्याच धावपट्टीवर बोइंग ७३७ विमानाला उतरण्याची परवानगी दिली गेली. ३५ जण मृत्युमुखी पडले. नियंत्रकापुढे प्रत्येक विमानाची एक पट्टी असते, पूर्वी कागदाची, आता बऱ्याच ठिकाणी पडद्यावरची. धावपट्टीवर कोणी असेल तर तिच्या रकान्यात लाल पट्टी आडवी ठेवायची, अशी रीत अनेक टॉवरमध्ये आहे. परवानगी देण्यासाठी हात पुढे गेला की ती लाल पट्टी आडवी येते. तुम्ही अभियंते आहात, म्हणून सांगतो : आमच्या मते स्मरणशक्तीला हातभार लावणारे इतके स्वस्त साधन दुसरे नाही.

प्रश्न : पुण्याच्या विमानतळावर हवाई दलाचे नियंत्रण असते. प्रवाशांच्या दृष्टीने ते अधिक सुरक्षित की कमी? — एक वाचक, विमाननगर

लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे. सुखोई-३० ही लढाऊ विमाने आणि प्रवासी विमाने एकच धावपट्टी वापरतात आणि टॉवरमध्ये हवाई दलाचे नियंत्रक असतात. त्यांच्या प्रशिक्षणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. वेगवेगळ्या गतीची आणि वेगवेगळ्या शिस्तीची विमाने एकाच धावपट्टीवर बसवणे हे मात्र अवघड काम आहे, आणि एकाच हद्दीत दोन यंत्रणांची वाहने फिरत असली, तर ‘आत्ता धावपट्टी कोणाची’ याचे उत्तर एकाच टेबलावर असावे लागते.

धावपट्टीवरचा धोका फक्त दुसऱ्या विमानाचा नसतो, हे पुण्यानेच दाखवले. १५ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे ए-३२१ उड्डाणासाठी वेगात असताना वैमानिकाला समोर जीप आणि एक माणूस दिसला. थांबण्याइतकी धावपट्टी उरली नव्हती. त्याने नेहमीपेक्षा आधी नाक उचलले आणि विमान वरून गेले; त्यात शेपटीचा भाग जमिनीला घासला. विमान दिल्लीला सुखरूप उतरले. आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे धावपट्टीच्या संरक्षित भागात विमान, वाहन किंवा माणूस यांपैकी कोणीही चुकीच्या वेळी असणे ही एकाच जातीची घटना आहे. त्यामुळे जीपचालकालाही तेच नियम लागू आहेत जे वैमानिकाला : रेडिओवर परवानगी, रीडबॅक, आणि बाहेर पडल्यावर ‘धावपट्टी सोडली’ असे कळवणे.

प्रश्न : गोव्यात कुत्र्यामुळे विमान परत गेल्याचे वाचून हसू आले. हे खरे असते का? — एक वाचिका, मडगाव

खरे असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर भटका कुत्रा दिसला म्हणून बंगळूरहून आलेले विमान न उतरता बंगळूरला परतले. वीस किलोचे जनावर आणि ताशी अडीचशे किलोमीटरने जाणारी चाके यांची गाठ पडली तर काय होते, ते पाहण्यापेक्षा इंधन जाळलेले परवडते. कुंपणाबाहेर टाकला जाणारा कचरा कमी झाला तर कुत्रे आणि घारी दोन्ही कमी होतील. हे काम विमानतळापेक्षा नगरपालिकेचे अधिक आहे.

प्रश्न : माझी मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचे आहे. ती मितभाषी आहे, निभावेल का? — एक पालक, अमरावती

मितभाषी असणे येथे गुणच आहे; रेडिओवर जो जास्त बोलतो तो इतरांची वाट अडवतो. भारतीय विमानतळ प्राधिकरण ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह या पदासाठी वेळोवेळी भरती करते. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन विज्ञान शाखेची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी त्यासाठी चालते. वयोमर्यादा आणि सवलती जाहिरातीत पाहाव्यात. लेखी परीक्षेनंतर आवाजाची आणि वैद्यकीय चाचणी असते. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियाच्या संस्थेत होते, म्हणजे विदर्भाबाहेर न जाताही काही जणांचे शिक्षण पूर्ण होते.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर ती काढून टाकावी. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर किमान चौथी पातळी लागते आणि तीत व्याकरणाच्या चमकदारपणापेक्षा स्पष्ट उच्चार आणि अनपेक्षित प्रसंगी गोंधळ न होता बोलणे पाहिले जाते. घरी एक सराव करता येईल : कोणी तीन सूचना एकदम सांगाव्यात आणि तिने त्या क्रमाने, एकही न गाळता परत म्हणाव्यात. प्रशिक्षण संपले तरी परवानाधारक नियंत्रकाच्या शेजारी बसून, त्याच्या देखरेखीखाली बरेच तास काढावे लागतात. पुढे बदली झाली तर नव्या विमानतळाची पात्रता नव्याने मिळवावी लागते. नागपूरच्या टॉवरमध्ये दहा वर्षे काढलेल्या माणसालाही मुंबईच्या धावपट्टीचा माइक पहिल्या दिवशी एकट्याला मिळत नाही.